स्लॅब ठरवताना आधी वजन पाहा! धाराशिवमध्ये दुमजली-तिमजली घर बांधणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

तळमजला आणि वर एक-दोन मजले असे घर बांधताना घरात चर्चा होते ती फरशीच्या रंगाची आणि सळईच्या भावाची. मजला कशाचा आणि किती जड, हे मात्र ठेकेदारावर सोडले जाते. धाराशिव जिल्ह्यात ते परवडणारे नाही.

१९९३ ने काय शिकवले?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे ८ हजार जणांचा बळी गेला. सास्तूरसह उमरगा-लोहारा भागातील अनेक गावे उद्ध्वस्त झाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे माळवद, अशी ती घरे होती. मातीचा एक फुटाचा थरच चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरतो. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब भरतो सुमारे ३२० किलो.

भूकंपात घराला बसणारा आडवा हिसका घराच्या वजनानुसार वाढतो. म्हणून मजला हलका हवा आणि भिंती-कॉलमशी घट्ट बांधलेलाही हवा. भूकंपमानकाच्या २००२ च्या सुधारणेत हा जिल्हा तिसऱ्या क्षेत्रात आला.

पर्याय कोणते?

बीम-कॉलमवरचा आरसीसी स्लॅब : दोन-तीन मजली घरासाठी सर्वात भरवशाचा. १० ते १२ फुटी खोल्यांना साधारण ४ ते ५ इंच जाडी पुरते. स्लॅब आणि बीम एकत्र ओतल्याने सगळे घर एकसंध हलते.

गर्डर-फरशी : लोखंडी गर्डरवर शहाबादी फरशी. स्वस्त आणि झटपट, पण फरशा सुट्या राहतात. हादऱ्यात गर्डर सरकले की फरशा निसटतात. वर मजला चढवायचा असेल, तर हा पर्याय टाळा.

फिलर स्लॅब : स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटऐवजी कौले बसवतात. काँक्रीट वाचते, वजन घटते, उन्हाची धगही कमी लागते. मात्र अनुभवी मिस्त्री आणि इंजिनिअरचे डिझाइन हवेच.

डेक शीट : लोखंडी सांगाड्यावर पन्हाळीदार पत्रा आणि त्यावर काँक्रीट. सेंट्रिंग वाचते, पण जोडकाम पक्के लागते. छोट्या घराला खर्च क्वचितच परवडतो.

बीमविना सपाट स्लॅब : दिसायला छान, पण कॉलमपाशी तुटण्याचा धोका असतो. भूकंपप्रवण भागात घरासाठी नकोच.

स्लॅब ओतण्यापूर्वी हे विचारा

- पुढे किती मजले चढवणार? पाया आणि कॉलम आजच त्या हिशेबाने हवेत. काळी माती असेल, तर पायाचा सल्ला वेगळा घ्या.
- गच्चीवर टाकी कुठे बसणार? हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. टाकी कॉलमजवळ, बीमवर ठेवा.
- गॅलरीची मुख्य सळई वरच्या बाजूला आहे ना? भिंतीबाहेर लोंबणाऱ्या स्लॅबला ताण वरून येतो. मजुरांच्या पायाखाली ती दबली, तर गॅलरी कमकुवत होते.
- क्युरिंगचे पाणी कुठून येणार? कोरड्या उन्हात साध्या सिमेंटला किमान १० दिवस, पीपीसीला १४ दिवस स्लॅब ओला ठेवावा लागतो. टंचाईच्या दिवसांत आधी पाण्याची सोय, मग स्लॅब.
- सेंट्रिंग कधी काढणार? साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवस ठेवावेत. पीपीसी असेल, तर त्याहून अधिक.

मग निवड कोणती?

बहुतेक घरांसाठी उत्तर साधे आहे : लहान खोल्या, सरळ रेषेत कॉलम, आणि बीमसह चार-पाच इंची स्लॅब. 'मजबुतीसाठी' सहा-सात इंच जाडी मागू नका. गरज नसताना वाढलेला प्रत्येक इंच वरच्या मजल्याचा भार वाढवतो, आणि हादरा बसला की तोच भार घरावर उलटतो. तोच पैसा स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशावर आणि कॉलमच्या जवळजवळ घातलेल्या रिंगांवर खर्च करा.