किलोमीटर नको, तास सांगा!

अमेरिकेला पहिल्यांदा निघालेल्या माणसाला आपण काय सांगतो? ‘अगदी पृथ्वीच्या पलीकडे!’ नेटवर आकडा लगेच मिळतो. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, सरळ हवाई अंतर साधारण साडेतेरा हजार किलोमीटर. विमान ताशी नऊशेच्या आसपास जातं, म्हणजे पंधरा तास. झालं गणित! पण मंडळी, आकाशात हे गणित चालत नाही.

एअर इंडियाचंच बघा ना. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली, ती अटलांटिकवरून जायची. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिला उलट्या दिशेनं, पॅसिफिकवरून पाठवलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं आणि वेळ चक्क कमी झाला! साडेचौदा तासांत विमान पोचलं. करामत जेट स्ट्रीमची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. ते पाठीशी असले की विमान पळतं, समोरून आले की रखडतं. त्यात घड्याळाची गंमत. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे. रविवारी पहाटे चारला दिल्लीहून निघालात आणि साडेचौदा तास उडलात, तर तिथे उतरता रविवारीच पहाटे पाचला!

हे सगळं मी एवढं का उगाळत बसले, तर माझी ताई सॅन होजेला आहे, तिचं बाळंतपण तोंडावर आलंय आणि आई एकटी जाणार आहे. वय ६६, गुडघे कुरकुरणारे. घरातल्या प्रत्येकाचा सल्ला एकच, ‘दुबईला बदलू दे, मधे पाय मोकळे होतील.’ ऐकायला छान. पण मुंबई-दुबई जेमतेम तीन तास, आणि पुढे दुबई-सॅन फ्रान्सिस्को तेरा हजार किलोमीटर, जवळजवळ सोळा तास! मग विश्रांती कसली? खरी शिक्षा तर विश्रांतीनंतरच सुरू होते.

फ्रँकफर्टचं तसं नाही. एकूण अंतर दोनेक हजार किलोमीटरनं वाढतं, पण मुंबईहून साधारण नऊ तास आणि पुढे साडेअकरा, असे बऱ्यापैकी सारखे तुकडे पडतात.

आईला हे कागदावर काढून दाखवलं. ‘अगं, किलोमीटर काय करायचेत मला? सलग किती तास बसायचं ते सांग,’ म्हणाली. तिथेच निकाल लागला. फ्रँकफर्ट! आइल सीट घेतली, म्हणजे शेजाऱ्याला न उठवता फेऱ्या मारता येतील. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागितली. त्यावर ती थोडी रुसली, पण तिथल्या लांबलचक कॉरिडॉरसाठी आहे म्हटल्यावर मानली. दोन फ्लाइट्सच्या मधे तीन तास ठेवलेत.

येताना सॅन फ्रान्सिस्को-फ्रँकफर्ट टप्प्यात वारा पाठीशी असतो, त्यामुळे विमान थोडं लवकर पोचतं. तोवर नातवंड तीन महिन्यांचं झालेलं असेल, तेव्हा या बचतीचं आईला फारसं कौतुक असेल असं वाटत नाही.