घरच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा कॉम्प्युटर धापा टाकतोय? प्रोसेसरवरचा भार असा कमी करा

अशी कल्पना करा. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही चार दिवस गावी गेलात. घराला चार कॅमेरे लावलेत, रेकॉर्डिंग जुन्या कॉम्प्युटरवर चालू आहे, त्यामुळे मनात काही धाकधूक नाही. परत येऊन बघता तर अंगणातली सायकल गायब! घाईघाईनं फुटेज काढता. एक माणूस कुंपणाशी येतो, गेटच्या कडीला हात लावतो आणि तिथेच चित्र अडकतं. पुढच्या क्षणी अंगण रिकामं.

कॅमेरा चालू होता, हार्ड डिस्कमध्ये जागा होती, वीजही गेली नव्हती. मग झालं काय? बरेचदा अशा वेळी दोष कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर पडलेल्या भाराचा असतो. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर अडकला की त्याला येणाऱ्या फ्रेम वेळेत हाताळता येत नाहीत आणि काही फ्रेम सरळ गळून जातात. गंमत म्हणजे हालचाल जास्त असते तेव्हाच कामही जास्त असतं. म्हणजे नेमकं जे हवं, तेच हातातून निसटण्याची शक्यता अधिक!

यावर पटकन सुचणारा उपाय म्हणजे नवा, महागडा कॉम्प्युटर घेणं. पण थांबा. ब्लू आयरिस, फ्रिगेट, झोनमाइंडर, एजंट डीव्हीआर यांपैकी काहीही वापरत असाल, तरी काही सेटिंग बदलून हा भार मोठ्या प्रमाणात उतरवता येतो. कसा, ते बघूया.

मुळात प्रोसेसर इतका दमतो कशानं?

आपल्याला वाटतं, रेकॉर्डिंग साठवणं हेच मोठं काम. प्रत्यक्षात ते सगळ्यात सोपं काम आहे.

कॅमेरा व्हिडिओ पाठवतो तो आधीच दाबून लहान केलेला असतो. त्यासाठी एच.२६४ किंवा एच.२६५ ही पद्धत वापरलेली असते. हे म्हणजे नीट बांधलेलं गाठोडं. ते गाठोडं न सोडता तसंच कपाटात ठेवायचं असेल, तर प्रोसेसरला फारसे कष्ट पडत नाहीत.

पण सॉफ्टवेअरला चित्रात कोणी हललं का, हे बघायचं असेल तर गाठोडं सोडावं लागतं. याला डिकोडिंग म्हणतात. बघून झाल्यावर तेच पुन्हा बांधून ठेवायचं असेल तर ते एन्कोडिंग, आणि ते डिकोडिंगपेक्षाही जड काम. हे सगळं प्रत्येक कॅमेऱ्यासाठी, सेकंदाला २५ वेळा, दिवसाचे चोवीस तास!

आकडाच बघा. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. चार कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला २० कोटींहून जास्त ठिपके उलगडायचे. जुना प्रोसेसर धापा टाकणार नाही तर काय करणार?

आधी मोजा, मग बदला

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर किती टक्के प्रोसेसर खातंय ते दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा लिहून ठेवा. पुढचे उपाय करताना एका वेळी एकच बदल करा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर फायदा कशानं झाला आणि बिघाड कशानं, हे कळणार नाही.

१. गाठोडं न सोडता साठवा

सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याकडून आलेला व्हिडिओ जसाच्या तसा डिस्कवर लिहिण्याची सोय असते. ब्लू आयरिसमध्ये तिला 'डायरेक्ट टू डिस्क' म्हणतात, झोनमाइंडरमध्ये 'पासथ्रू'. फ्रिगेट तर नेहमी अशाच पद्धतीनं साठवतो. ती चालू केली की पुन्हा एन्कोडिंग करण्याचं काम वाचतं.

एक अडचण येते. तारीख, वेळ किंवा कॅमेऱ्याचं नाव सॉफ्टवेअरकडून चित्रावर छापून घेत असाल, तर ते या पद्धतीत जमत नाही, कारण छापायचं तर गाठोडं सोडायलाच हवं. त्यावर उपाय सोपा आहे. तारीख-वेळ कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सेटिंगमधून छापा. ते काम मग कॅमेरा करतो. फक्त त्याचं घड्याळ बरोबर आहे ना, हे अधूनमधून तपासा.

२. दुसरा, छोटा प्रवाह वापरा

सगळ्यात मोठा फायदा इथे आहे. आजकालचे बहुतेक आयपी कॅमेरे एकाच वेळी दोन प्रवाह देतात. एक मोठा आणि स्पष्ट, त्याला मेनस्ट्रीम म्हणतात. दुसरा लहान चित्राचा, तो सबस्ट्रीम.

साठवायला मेनस्ट्रीम घ्या आणि हालचाल ओळखायला सबस्ट्रीम. माणूस गेटमधून आला की नाही, हे ओळखायला चेहऱ्यावरचा तीळ दिसायची गरज नसते. सबस्ट्रीम ६४० गुणिले ३६० असेल आणि सेकंदाला ५ फ्रेम ठेवल्या, तर चार कॅमेऱ्यांचे मिळून सेकंदाला साधारण ४६ लाख ठिपके होतात. मघाचे २० कोटी आठवा. ठिपक्यांचं काम ४५ पट कमी झालं आणि साठवलेलं फुटेज मात्र तेवढंच स्पष्ट राहिलं!

दोन्ही प्रवाहांत चित्राची लांबी-रुंदी सारख्याच प्रमाणात ठेवा. नाहीतर हालचाल ओळखण्यासाठी आखलेल्या चौकटी भलतीकडेच सरकतात.

३. सेकंदाला ३० फ्रेम हव्यातच कशाला?

घराबाहेर क्रिकेटची मॅच नाही, माणसं चालतायत. मेनस्ट्रीमला सेकंदाला १२ ते १५ फ्रेम घरगुती वापरासाठी पुरेशा होतात. फ्रेम वाढवल्या की चेहरा स्पष्ट येईल, हा गैरसमज आहे. पळणाऱ्या माणसाचा चेहरा पुसट येतो तो कॅमेऱ्याच्या शटरमुळे. त्यासाठी शटरचा वेग वाढवा आणि अंगणात पुरेसा उजेड ठेवा.

याच पानावर 'आय-फ्रेम इंटरव्हल' नावाची सेटिंग दिसेल. व्हिडिओमध्ये अधूनमधून एक पूर्ण चित्र येतं आणि त्यानंतर फक्त काय बदललं तेवढंच येतं. हे पूर्ण चित्र सेकंदाला निदान एकदा यायला हवं. म्हणजे १५ फ्रेम असतील तर हा आकडाही १५ ठेवा. फार मोठा ठेवला तर रेकॉर्डिंग उशिरा सुरू होतं आणि नेमकी सुरुवात हुकते. 'एच.२६४ प्लस', 'एच.२६५ प्लस' किंवा 'स्मार्ट कोडेक' असं काही चालू असेल तर ते बंद करून बघा. जागा वाचवण्यासाठी ते या पूर्ण चित्रांमधलं अंतर लांबवतं आणि दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरशी त्याचं बरेचदा जमत नाही.

४. ग्राफिक्सला कामाला लावा

इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठी वेगळा भाग असतो, त्याचं नाव क्विक सिंक. २०११ साली दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरसोबत तो आला. सॉफ्टवेअरमध्ये 'हार्डवेअर डिकोडिंग' चालू केलं की काम मुख्य प्रोसेसरऐवजी हा भाग करतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो, त्यात ग्राफिक्सचा भाग चालत नाही, म्हणजे क्विक सिंकही नाही. आणि एच.२६५ उलगडायची पूर्ण सोय २०१५ च्या सहाव्या पिढीपासून मिळाली. त्याहून जुना कॉम्प्युटर असेल तर कॅमेऱ्यात एच.२६४ निवडणंच शहाणपणाचं. जागा जास्त लागेल, पण प्रोसेसर सुटेल.

५. झाडाच्या फांद्यांकडे बघू नका

वाऱ्यानं हलणारं नारळाचं झाड, रस्त्यावरच्या गाड्या, पावसाचे थेंब आणि रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यावर घोंघावणारे किडे. सॉफ्टवेअरच्या लेखी ही सगळी हालचालच! एवढा भाग चौकटीतून वगळा. शेजाऱ्यांचं दार किंवा खिडकी चित्रात येत असेल तर ती कॅमेऱ्यातच झाकून टाका. त्यांच्या खासगीपणाचा मान राखला जातो आणि नसते वादही टळतात.

'माणूस की कुत्रा' हे ओळखणारी एआय सुविधा वापरत असाल, तर ती सतत चालू न ठेवता हालचाल दिसल्यावरच जागी होऊ द्या. फ्रिगेटमध्ये हे ओळखण्याचं काम साध्या प्रोसेसरवर टाकू नये. इंटेलच्या ग्राफिक्सवर ओपनव्हीनोच्या मदतीनं किंवा गुगल कोरलसारख्या वेगळ्या उपकरणावर ते कितीतरी हलकं होतं. आणि कॅमेऱ्यातच माणूस ओळखायची सोय असेल, तर त्याचीच सूचना ऑनव्हिफमार्फत सॉफ्टवेअरला घेता येते का, ते बघा.

६. बघत नसाल तर पडदा बंद करा

स्क्रीनवर चारही कॅमेरे दिवसभर दिसत ठेवायची सवय अनेकांना असते. चित्र दाखवायचं म्हणजे पुन्हा उलगडणं आलंच. सॉफ्टवेअर पार्श्वभूमीवर 'सर्व्हिस' म्हणून चालू द्या आणि खिडकी बंद करा. मोबाइलवर बघताना अचानक भार वाढत असेल, तर सॉफ्टवेअर त्या क्षणी फोनसाठी वेगळा व्हिडिओ तयार करतंय असं समजा. फोनलाही सबस्ट्रीम द्या.

अँटिव्हायरस प्रत्येक नव्या फाइलची झडती घेतो, आणि इथे तर सतत नव्या फाइल तयार होतात. म्हणून फक्त रेकॉर्डिंगचा फोल्डर त्यातून वगळा. अख्खा अँटिव्हायरस मात्र बंद करू नका.

शेवटी कॉम्प्युटरचा डबा उघडून पंख्यावरची धूळ झाडा. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मे महिन्यात बंद खोलीत, कपाटात कोंबलेल्या कॉम्प्युटरचं हेच होतं.

खिशालाही फायदा

हा कॉम्प्युटर कधीच बंद होत नाही, म्हणून वीजबिलाचा विचार हवा. १०० वॅट खाणारा कॉम्प्युटर ३० दिवसांत ७२ युनिट वीज घेतो. तोच ६० वॅटवर आला तर ४३ युनिट. शिवाय वीज गेल्यावर इन्व्हर्टरही जास्त वेळ टिकतो, जे चोरीच्या दृष्टीनं कमी महत्त्वाचं नाही.

एक परीक्षा घ्याच

सगळं झाल्यावर घरातल्या कोणाला तरी रात्री गेटमधून आत यायला सांगा, एकदा हळू, एकदा पळत. मग फुटेज काढून बघा. चेहरा ओळखू येतो का? गेट उघडण्याचा क्षण सापडतो का? मधे चित्र अडकतं का? टास्क मॅनेजरमधला आकडा कितीही कमी झाला, तरी या परीक्षेत नापास झालेली सेटिंग कामाची नाही.

शेवटी कॅमेरे आपण लावतो ते त्या एका क्षणासाठी. तो क्षण येईल तेव्हा कॉम्प्युटर दमलेला नसावा, एवढंच बघायचं. तुमच्या ओळखीत कोणी घरी कॅमेरे लावून निर्धास्त झालं असेल, तर हा लेख त्यांनाही पाठवा. सुट्टीला निघण्याआधी!