वीस सेकंदांचं बी

मार्च निम्मा सरलाय. शाळा सकाळची झालीय. साडेसातला पत्रा अजून गार आहे, पण दहानंतर तो खोलीत बसू देत नाही. म्हणून टीव्हीचं काम आधी उरकायचं.

माणदेशातल्या वस्तीवरची ही दोनशिक्षकी शाळा. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीला लागून कडुनिंब. पूर्वेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप थेट टीव्हीवर येते आणि चित्र धुवून टाकते. चौथीतल्या दोन मुली बाकावर चढतात. जुन्या फ्लेक्सची पांढरी बाजू आत घेऊन तो खिडकीच्या खिळ्यांना अडकवतात. लोकवर्गणीतून घेतलेला 43 इंची टीव्ही आता नीट दिसू लागतो. मला मागच्या भिंतीशी सतरंजीवर जागा मिळते.

वर्गात रेंज नाही. ती कडुनिंबाखाली मिळते, तीही पाराच्या एकाच बाजूला. बाई पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड रात्री घरी स्कॅन करतात, व्हिडिओ उतरवून घेतात आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून आणतात. पान फाटून कोड गेला असला, तर त्याखालची 6 अक्षरं टाइप करायची. एवढ्या खटाटोपानंतर जे पडद्यावर येतं, ते असतं 20 सेकंदांचं.

काळी माती. मातीत घेवड्याचं बी. बी फुगतं, साल तडकते, आतून काहीतरी पांढरं डोकावतं.

बाई व्हिडिओ थांबवतात.

"आता हे मूळ कुठं जाईल? वर, खाली, का आडवं? वहीत लिहा. पेन्सिलीनं लिहा, पण खोडायचं नाही."

माना खाली जातात. पेन्सिली करकरतात. पंखा टकटक करत फिरतो. कुणीतरी शेजारच्या वहीत डोकावतं, शेजारची हाताचा आडोसा करते. थांबलेलं चित्र तसंच आहे. बाईंनाही घाई नाही. व्हिडिओ उत्तम आहे, रंग सुरेख आहेत, पण वर्ग जागा झालाय तो या थांबण्यात. रिमोटवरचं हे एक बटण कधी दाबायचं, ते कुठल्याच पेनड्राइव्हमधून येत नाही.

तिसरी-चौथी मिळून 12 पोरं. बहुतेकांनी 'खाली' लिहिलंय. "बी उलटं पेरलं तर वर जाईल," असं एकाने लिहिलंय. ही खरी शंका आहे. घेवडा पेरताना बी कुणी सुलटं करून टाकत नाही, हे इथल्या प्रत्येकाने रानात पाहिलंय. मग उलट्या पडलेल्या बियांचं काय होतं?

बाई खिडकीतून चार काचेचे ग्लास उचलून आणतात. आत ओल्या वर्तमानपत्राची गुंडाळी, आणि कागद व काच यांच्यामध्ये दाबलेलं घेवड्याचं बी. एक सुलटं, एक उलटं, दोन आडवी. चार दिवसांपूर्वी पोरांनीच लावलेली. ग्लास हातोहात फिरतात. बघायला रांग लागते, रांग मोडते, बाई पुन्हा लावतात. उलट्या बियाचं मूळ आधी वर निघालंय, मग वळलंय आणि सरळ खाली गेलंय. शंका लिहिणारा ग्लास सोडायला तयार नाही. वळणावर बोट ठेवून तो काचेतून बघत राहतो.

मुळाच्या टोकाला एक टोपी असते. तिच्या पेशींमध्ये पिष्टाचे जड कण असतात, ते तळाला बसतात आणि खाली कुठे आहे ते मुळाला कळतं. बाई यातलं काहीच आज सांगत नाहीत. व्हिडिओ पुढे सुरू होतो. मूळ खाली, कोंब वर, दोन पानं. संपला.

"ओ बाई," मेंढरं असलेल्या घरातला मुलगा उठतो. "आपल्याला चार दिवस लागले. ह्यांचं लगेच कसं झालं? रात्र पण झाली नाही ह्यात."

बाईंचा चेहरा उजळतो. त्या फळ्याकडे वळतात. टीव्हीवर एका सेकंदाला साधारण 25 चित्रं धावतात. मग 20 सेकंदांना किती? 500. त्यांनाही चारच दिवस लागले असं धरू. चार दिवसांचे तास 96, मिनिटं 5760. त्यात 500 फोटो. भागाकार फळ्यावर उतरत जातो, दोघं तिघं पुढे येऊन हातभार लावतात. अकरा-बारा मिनिटांनी एक फोटो.

"रात्री पण?"

"रात्री पण."

"मग रात्रीचं कोण उठलं?"

उत्तर मागून येतं, बसल्या जागेवरून. कॅमेऱ्याला तसं सांगून ठेवता येत असेल. आणि अंधार दिसत नाही म्हणजे त्यांनी दिवा लावून ठेवला असेल. परिसर अभ्यासाच्या तासात गणित शिरलंय आणि कुणाला ते परकं वाटत नाही.

शेजारच्या खोलीत पहिली-दुसरीची 11 पोरं सरांकडे. 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, हे 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं प्रमाण. पटाच्या हिशेबाने ते पुरतं. वर्ग मात्र चार असतात. सर पहिलीला घेऊन मणीमाळेपाशी बसलेत. शंभर मणी, दहा लाल, दहा पांढरे असे. एक मुलगी 34व्या मण्यावर चिमटा लावते, मागे येते, पुन्हा मोजते. तेवढा वेळ दुसरीला टॅब सांभाळतात. टॅब तीन, एकाची काच तडकलेली. सरांनी नियम केलाय: टॅब ज्याच्या हातात, त्याने गप्प बसायचं, उत्तर शेजाऱ्यांनी ठरवायचं, त्याने नुसतं बोट लावायचं. चलाख पोरगा एकटाच पुढे पळत नाही, हा याचा मोठा फायदा.

पडवीत एक मुलगा सरांच्या फोनसमोर मोठ्याने वाचतोय. ऐकून चुकलेला शब्द रंगवून दाखवणारं ॲप आहे. तो म्हणतो, "पानी". शब्द रंगतो. तो पुन्हा म्हणतो, "पानी". पुन्हा रंगतो. त्याचा आवाज बारीक होत जातो. सर मणीमाळ सोडून बाहेर येतात, शेजारी मांडी घालतात. "मला कळलं तू काय म्हणालास. बरोबर वाचलंस. आता ह्याला कळायला जीभ वर टेकव." तिसऱ्यांदा जमतं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचू लागावं, हे देशाने 2026-27साठी ठरवलेलं उद्दिष्ट. इथे ते एका मुलाच्या टाळ्यापाशी आलंय. सर उठून गेले असते, किंवा आलेच नसते, तर तो फोन खाली ठेवून पळाला असता.

पत्रा तापू लागलाय. कडकड आवाज येतोय. घंटा होते, आणि पाण्याच्या टाकीआधी सगळे खिडकीकडे धावतात. दोन विटांवर बाईंचा फोन आडवा ठेवायचा, विटांच्या जागा खडूने आखलेल्या. बी लावल्यापासून शाळा भरताना, दोन्ही सुट्ट्यांत आणि शाळा सुटताना ग्लासांचा एकेक फोटो. आजची पहिली सुट्टी धरून चौदावा. संध्याकाळी फोटोच निघत नाही, त्याचं काय, यावर तिसरीत कुजबुज आहे.

"एवढ्यात एक सेकंद पण होत नाही," फळ्यावरचा भागाकार करणारी मुलगी सांगते.

"मग प्रत्येक फोटो अर्धा सेकंद दाखवू," दुसरी म्हणते. "शाळा सुटेपर्यंत 16 होतील. म्हणजे आठ सेकंद."

बाई मान हलवतात, पण मेंढरंवाल्याचं लक्ष तिकडे नाही. त्याला कोंब आलेला ग्लास आता आडवा करायचाय. वाढलेलं मूळ पुन्हा वळतं का, ते बघायचंय. पाणी सांडेल, असं कुणीतरी म्हणतं. झाकणाची बरणी लागेल. लोणच्याची चालेल का? वास येईल. धुऊन आणतो. आई देणार नाही. माझी आजी देईल. बाई फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात: बरणी, कागद, घेवडा. आणि विचारतात, "ती कुठल्या कडेवर आडवी ठेवायची, ते आधी कोण सांगतंय?"