झूल घालणारे पुष्कळ, काढणार कोण?

गोठा आणि पागा : भाग ९

दिवाळी सरली, कृष्णाकाठी पहाटेचं धुकं उतरायला लागलं, उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ते अडवले, की सांगलीकर कानटोपी शोधायला लागतो. स्वतःची कानटोपी सापडली की त्याला दारातल्या घोड्याची आठवण होते. मग माळ्यावरची जुनी वाकळ निघते, नाहीतर पोती उसवून शिवलेली गोणपाटाची झूल, आणि रात्रभर ती घोड्याच्या पाठीवर राहते. मागच्या भागात म्हशीच्या उन्हाळ्याबद्दल लिहिलं होतं. ते वाचून विट्याच्या एका वाचकाने विचारलं आहे, की घोड्याला पांघरूण कधी घालायचं आणि किती जाड? प्रश्न एका ओळीचा आहे, पण उत्तराला फाटे फार.

सगळ्यात आधी थंडी कुणाला वाजतेय ते ठरवू. उघड्या अंगाच्या माणसाला २७-२८ अंशांच्या खाली गेलं की ऊब राखायला शरीराची ताकद खर्चावी लागते. धडधाकट घोड्याला साधारण ५ ते २५ अंशांच्या टप्प्यात तसं वेगळं काही करावं लागत नाही. जातीनुसार, सवयीनुसार हा टप्पा वरखाली होतो. थंड मुलखातला, हिवाळी केस पूर्ण आलेला, पोटभर चारा खाल्लेला कोरडा घोडा शून्याच्या खालीही निवांत उभा असतो. सांगलीत चांगली थंडी पडली तरी पहाटेचा पारा बहुधा दहाच्या वरच राहतो. म्हणजे ज्या पहाटे आपण शेकोटीभोवती हात चोळत असतो, ती पहाट घोड्याच्या दृष्टीने झकास असते. आपल्या अंगावर काटा आला म्हणून घोड्याला झूल चढवणं हा हिशेबच उलटा आहे.

घोड्याचं स्वतःचं पांघरूण त्याच्या अंगावरच असतं. ते कधी वाढवायचं हे तो मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवतो; थंडी पडायची वाट पाहत नाही. उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस उलटून उजेड कमी व्हायला लागला की मेंदूतल्या रसायनांचा तोल बदलतो आणि हिवाळी केसांची तयारी सुरू होते. डिसेंबर उलटून दिवस वाढू लागले की तेच केस झडण्याच्या मार्गाला लागतात. फेब्रुवारीत खरारा करताना मूठभर केस हातात येतात ते त्यामुळेच. आता सांगलीत सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या थोडा वर आणि सर्वांत मोठा तेरा तासांच्या थोडा वर. फरक जेमतेम दोन तासांचा. तिकडे युरोपच्या उत्तरेला तो बारा-तेरा तासांचा होतो. आपल्या घोड्यांना तिकडच्यासारखी लोकर येत नाही त्याचं हे एक कारण. शिवाय मारवाडी, काठियावाडी रक्ताच्या घोड्याची कातडी मुळातच पातळ आणि केस आखूड. तरीही आपल्या हिवाळ्यापुरतं जे लागतं ते त्याच्याकडे असतं.

हे केस काम कसे करतात ते टॉर्च घेऊन पहाटे पाहण्यासारखं आहे. गार वारा सुटला की पाठीवरचे, पुठ्ठ्यावरचे केस उभे राहतात आणि घोडा एकदम जाडजूड, मखमली दिसायला लागतो. उभ्या केसांमध्ये हवा अडकते, ती हवा ऊब धरते. बघणाऱ्याला वाटतं, बिचारा गारठला. खरं तर त्याचं पांघरूण नुकतंच चालू झालेलं असतं. अशा वेळी त्याच्यावर पातळ सुती चादर टाकली की केस चपटे होतात, अडकलेली हवा निघून जाते आणि चादरीची ऊब त्या हवेपेक्षा कमी भरते. म्हणजे काळजीपोटी घोड्याला आपण आणखी गार केलं. घालायचीच असेल तर केस दाबूनही ऊब देईल अशी घाला, नाहीतर घालूच नका. अधलंमधलं पातळ पांघरूण कोरड्या थंडीत बिनकामाचं.

पण सांगली-साताऱ्याचा खरा घोळ रात्रीत नाहीच, तो सकाळी दहा वाजता सुरू होतो. जानेवारीत पहाटे १३-१४ अंश आणि दुपारी ३० हे आपल्याकडे रोजचं. फेब्रुवारी-मार्चात तफावत आणखी वाढते. पहाटे पाचला घातलेली झूल मालक कामावर गेला, गडी वैरणीला गेला, म्हणून दुपारी बारापर्यंत तशीच राहते. घोड्याचा देह मोठा, पाठीमागे स्नायूंचा डोंगर. उष्णता तयार करायला तो वस्ताद आहे. ती टाकायला त्याच्याकडे मुख्य साधन म्हणजे घाम, आणि घाम वाळायला मोकळी हवा लागते. झुलीखाली ती मिळत नाही. मग घामाने केस भिजतात, चिकटतात. संध्याकाळी पारा उतरतो तेव्हा तो घोडा ओल्या केसांनी, ओल्या झुलीखाली उभा असतो. झूल घातल्यामुळे घोडा गारठला, असं ऐकायला विचित्र वाटतं, पण आपल्या हवेत बहुतेक वेळा हेच होतं.

म्हणून माझा पहिला नियम पाऱ्याचा नाही, माणसाचा आहे. सकाळी ऊन चढायच्या आत झूल काढायला नेमका कोण येणार, त्याचं नाव आधी ठरवा. नाव ठरत नसेल तर झूल खुंटीलाच राहू द्या. सांगलीतला धडधाकट घोडा एक रात्र बिनझुलीचा सहज काढतो. दुपार झुलीखाली काढणं मात्र त्याला जड जातं.

झूल घातलीच असेल तर तपासायची कशी? कान चाचपून कळत नाही, कान गार असणं सवयीचंच आहे. झुलीच्या आत, खांद्याच्या मागे, तळहात सपाट घाला आणि घाई न करता तिथेच ठेवा. कातडी कोमट आणि कोरडी लागली तर ठीक. दमट लागली, हाताला चिकट वाटली तर झूल जाड झाली आहे, लगेच काढा. गार लागली आणि घोडा शेपूट पुठ्ठ्याला घट्ट दाबून, वाऱ्याकडे पाठ करून, कुडकुडत उभा असेल तर मात्र त्याला मदत हवी. ही तपासणी झोपण्याआधी एकदा आणि उजाडल्यावर एकदा. मोबाइलवरचं तापमान बघून झुलीची जाडी ठरवणाऱ्यांनी हा हात आधी घालून पाहावा.

आता पाऊस. ओल्या केसांमध्ये हवा अडकत नाही आणि पाणी वाळताना अंगातली ऊब घेऊन जातं. त्यात वारा आला की दुप्पट. जूनमधला २३-२४ अंशांचा पाऊस कडक हिवाळ्यातल्या कोरड्या पहाटेपेक्षा घोड्याला जास्त झोंबू शकतो. दर वर्षी ज्येष्ठात चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व माउलींच्या पालखीसाठी आळंदीला निघतात. एक स्वाराचा, दुसरा माउलींचा, ज्याच्यावर कुणी बसत नाही. मिरज-सांगलीवरून आणि पुढे सातारा जिल्ह्यातून ते पायी जातात, तेव्हा पावसाळा नुकताच तोंडावर आलेला किंवा सुरू झालेला असतो. चालता घोडा आपली ऊब स्वतः तयार करतो. रस्त्याने भिजत गेला तरी फारसं बिघडत नाही. जपायचं ते मुक्कामाला, चाल थांबल्यावर. आधी गवताच्या बोळ्याने अंग खसखसून पुसायचं, श्वास शांत होईपर्यंत हळू फिरवायचं, आणि मग आडोसा.

ओल्या किंवा घामेजलेल्या घोड्यावर काय टाकायचं, याचं उत्तर आपल्या माणदेशात फार पूर्वीपासून आहे, ते म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका दमटपणा पिऊनही ओली लागत नाही, आणि अंगाची वाफ तिच्यातून बाहेर जाते. गोणपाट उलट. पाणी पिऊन जड होतं, अंगाला चिकटतं, गार पडतं. ताडपत्रीचं तर नावच नको. बाहेरचा पाऊस ती अडवते, पण आतली वाफही अडवते. ताडपत्री बांधलेला घोडा दोन तासांनी पाहा, पावसात उभ्या असलेल्या घोड्याइतकाच भिजलेला असेल, फक्त स्वतःच्या घामाने. बाजारात मिळणाऱ्या परदेशी धाटणीच्या, पाणी अडवून वाफ जाऊ देणाऱ्या झुली चांगल्या असतात. त्यांच्या आतला भराव चौरस मीटरला १००, २००, ३०० ग्रॅम असा मोजतात. २०० च्या वरचं प्रकरण बर्फाळ मुलखासाठी आहे. सांगलीत बिनभरावाची पावसाळी किंवा फार तर १०० ग्रॅमची पुरते. तीनशेची विकत घेणाऱ्याने आधी हिमाचलात जमीन घ्यावी.

आटपाडी, जत, माण, खटावकडचे धनगर दिवाळीनंतर वाडे घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात, पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांची तट्टं भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या भीमथडी वळणाची. या घोड्याची अलीकडेच देशपातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. पाठीवर बिऱ्हाड, कोकरं, कोंबड्या. रात्री ही तट्टं माळावर उघडीच असतात. घोंगडी धनगराच्या खांद्यावर, घोड्यावर नाही. त्यात निष्काळजीपणा नाही. ते जनावर बारमाही बाहेर राहिलेलं, केस धरलेलं आणि रोज चालणारं आहे.

सातारा जिल्ह्याचं दुसरं टोक महाबळेश्वर. तिथे वेण्णा तलावाकाठी पर्यटकांना फिरवणारे घोडे उभे असतात, आणि त्याच तलावाच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. गावात पारा शून्याच्या वर असतो, मग खाली बर्फ कसं? निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवत, जेटीच्या फळ्या, मोटारींचे टप आपली उष्णता सरळ आकाशाकडे टाकतात आणि हवेपेक्षा गार होतात. शिवाय गार हवा जड म्हणून सखल जागी साठते. उघड्यावर बांधलेल्या घोड्याची पाठही अशीच आकाशाकडे ऊब टाकत असते. त्यामुळे तिथे झुलीच्या आधी छप्पर. गर्द झाडाखाली किंवा शेडमध्ये बांधलेला घोडा त्याच रात्री बराच सुखात राहतो. केस कातरलेला, म्हातारा, हाडं दिसणारा, आजारी घोडा आणि कोवळं शिंगरू यांना मात्र महाबळेश्वरात झूल हवीच, आणि सांगलीतही वारा-पाऊस एकत्र आले तर हवी.

नव्या खरेदीच्या घोड्यांबाबत लोक हमखास चुकतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथे पंजाब-राजस्थानकडचे घोडे येतात. उत्तरेच्या थंडीत दाट केस आलेला घोडा डिसेंबरात ट्रकमधून सांगलीला उतरतो. प्रवासाने शिणला म्हणून मालक त्याला जाड झूल घालतो, आणि दुपारी ३० अंशांत तो घोडा धापा टाकतो. ट्रकमध्ये रात्रीच्या वाऱ्यापुरतं पांघरूण ठीक. उतरल्यावर त्याला हवी सावली, पाणी आणि नव्या हवेशी जुळवून घ्यायला दोनतीन आठवडे.

आणि खरी शेगडी पोटात असते. चाऱ्यातला चोथा घोड्याच्या मागच्या आतड्यात आंबतो आणि त्यातून सावकाश, रात्रभर ऊब निघते. थंडीची लाट आली तर रात्रीच्या चाऱ्यात सुक्या गवताची किंवा चांगल्या वाळलेल्या कडब्याची एक पेंढी वाढवा. हरभऱ्याची चंदी वाढवू नका, तिने तेवढी ऊब मिळत नाही आणि पोटशूळ मात्र उठतो. चिपळूणजवळच्या हलवर्णच्या छावणीला शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणावैरण आत्ताच उधळलं तर ऐन पावसात घोडी मरतील, ही त्यातली चिंता. घोड्यांचा पावसाळा चाऱ्याच्या साठ्यावर निभतो, हे तिथे पक्कं ठाऊक होतं.

घोड्याचं स्वतःचं मत काय, हेही एकदा विचारून झालं आहे. नॉर्वेतल्या संशोधकांनी २३ घोड्यांना तीन पाट्या ओळखायला शिकवल्या : एक ‘झूल घाला’, एक ‘झूल काढा’, एक ‘आहे तसंच राहू द्या’. सगळे घोडे शिकले. ऊन असताना त्यांनी झूल नाकारली, आणि पाऊस, वारा, गारठा असताना मागितली. हे काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या वरातीच्या घोड्यापुढे मे महिन्यात अशी पाटी धरली, तर मखमलीची जरतारी झूल, वर फुलांची जाळी आणि दोन्ही बाजूंना हॅलोजनचे दिवे, यांबद्दल तो काय सांगेल ते सांगायला संशोधक नको.

विट्याच्या वाचकांनी कळवलं आहे की त्यांची घोडी सात वर्षांची, तब्येतीने भरलेली, केस न कातरलेली, आणि तिच्या ठाणाला पश्चिमेकडून भिंत, वर छप्पर आहे. या हिवाळ्यात तिला झुलीची गरज नाही. फेब्रुवारीत केस झडताना अवकाळी पाऊस आला आणि ती भिजली, तर पुसून घोंगडी टाका, वाळली की काढा. ती घोंगडी दुसऱ्याच्या घोड्यावर टाकू नका, गजकर्ण एकाचं दुसऱ्याला जातं. छातीवरची दोरी इतकी आवळू नका की मान खाली घालून गवत खाताना खांद्यावर काच बसेल. आतून चार बोटं सहज फिरायला हवीत.

पुढच्या भागात नाल : डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या टांग्याच्या घोड्याचे आणि माळावरच्या तट्टाचे खूर.