तास वर, मिनिट मधी

महाद्वार रोडजवळच्या गल्लीत घड्याळजीकाकांचं टेबल आहे. चावीची एचएमटी 'जनता' तिथं अजून दुरुस्तीला येते. एखादीच्या तबकडीवर देवनागरी आकडेही असतात. त्या दिवशी तिच्या शेजारी एक स्विस रेग्युलेटर होतं. मध्यभागी फक्त मिनिटकाटा, वरच्या लहान वर्तुळात तास, खालच्या वर्तुळात सेकंद. मला गोंधळलेला बघून काका म्हणाले, "तास वर बघायचा, मिनिट मधी. आठ दिसात सवय हुतीया."

ही मांडणी मिरवण्यासाठी निघालेली नाही. वेधशाळांत आणि घड्याळाच्या कारखान्यांत अशा तबकडीचं मोठं घड्याळ प्रमाण मानून बाकीची त्यावर लावत. तासकाटा इतर काट्यांच्या आड येऊ नये, म्हणून तिघांना वेगळं केलं.

मग स्केलेटन निघालं. त्याला तबकडीच नाही. आतल्या धातूच्या पट्ट्याही चाकांना आधार उरेल इतपतच ठेवून कोरलेल्या. काकांनी भिंग माझ्याकडे दिलं आणि चिमट्याच्या टोकानं एक कोपरा दाखवला. दोन चकचकीत तिरप्या कडा आतल्या बाजूला टोकदार रेघेत मिळत होत्या. मशीनचं कटर गोल फिरतं, त्यामुळं त्याचा आतला कोपरा गोलसरच राहतो. असं टोक काढायला हात आणि कानस लागते. किंमत लाखांत जाते ती अशा कोपऱ्यांमुळं. स्वस्त स्केलेटनमध्ये भोकं तेवढी असतात.

असं घड्याळ घालायचं तर बाकीच्यांनी गप्प बसावं. पांढरा सदरा किंवा एकरंगी शर्ट, बाही मनगटाच्या हाडापर्यंत. सोन्याचं कडं दुसऱ्या हातात. एकाच हातात दोन्ही असली की कडं घड्याळाला ओरखडे पाडतं. पट्टा साधा, शिलाई त्याच रंगाची. पायात कोल्हापुरी असेल, तर तिच्या कमावलेल्या चामड्याचा तपकिरी रंग पट्ट्याला चांगला जुळतो. चेक्सचा शर्ट मात्र नको. आधीच वाचायला अवघड असलेलं घड्याळ त्यात हरवतं.

जुलैत चामडी पट्टा कपाटात ठेवावा आणि रबरी चढवावा. मागच्या झाकणावर '३० मीटर' लिहिलं असलं, तरी रंकाळ्यावरच्या पावसात घड्याळ उघडं मिरवू नये. तो आकडा शिंतोड्यांपुरता आहे, पोहण्यासाठी नाही.