गिटारचा कंठ आणि घराची भुई

परकीं वाद्यें आमच्या घरांत यापूर्वींहि आलीं व आमचीं होऊन राहिलीं. बाजाची पेटी हें त्याचें ठळक उदाहरण. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला आपलें दार बंद केलें, तें पुन्हां किलकिलें व्हावयास १९७१ साल उजाडावें लागलें. पण तेवढ्या अवधींत कीर्तन, नाटक वा घरची आरती यांपैकीं एकाहि ठिकाणीं तिचें आसन ढळलें नाहीं. आतां तिच्या शेजारीं विद्युत्-गिटार येऊन बसली आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत व्हॅन शिपले यांच्यासारख्यांच्या हातून ती गेल्या शतकाच्या मध्यापासून ऐकूं येत होती. आज रत्नागिरीच्या एखाद्या जुन्या जांभ्याच्या घरांतहि तंबोऱ्याच्या गवसणीलगत ती टेकून ठेवलेली आढळेल.

एकत्र कुटुंबांत तिच्याविषयीं जी कुरकुर होते ती सारीच गाण्याच्या प्रकाराविषयीं असते असें नाहीं. मुलाचा हात तारांवरून उठला तरी ध्वनिवर्धकांतून ‘घूं’ अशी अखंड गुणगुण चालूच राहते, हें वडील मंडळींचें खरें दुखणें. आजोबांची दुपारची झोंप तिनें मोडते, आणि मुलगा म्हणतो, “स्वस्त गिटारचें हें असेंच चालायचें. चांगली घ्यावयाची तर चौपट पैसे पडतील.” पण चौपट पैसे मोजण्यापूर्वीं ही गुणगुण येते कोठून, हें घरांतील कर्त्या माणसांनीं समजून घेणें इष्ट आहे. तींत केवळ पैशाचा नव्हे, तर मुलाच्या जीविताचाहि प्रश्न गुंतलेला असूं शकतो.

मांडवीच्या काळ्या वाळूंत लोहचुंबक फिरवून त्याला चिकटलेले लोहकण गोळा करण्याचा खेळ रत्नागिरीच्या मुलांना सांगावयास नको. विद्युत्-गिटारचें मर्म त्याच चुंबकांत आहे. तिच्या पोलादी तारांखालीं एक लहानशी पट्टी बसविलेली असते. तिला ‘पिकप’ म्हणतात. पिकप म्हणजे एक लोहचुंबक व त्याभोंवतीं केंसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेलें वेटोळें. पोलादी तार कंप पावूं लागली कीं वेटोळ्यांतून जाणारें चुंबकीय बल क्षणोक्षणीं कमीजास्त होतें, आणि फॅरडेनें १८३१ सालीं दाखवून दिलेल्या नियमानुसार तारेंत तसाच कमीजास्त होणारा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो ध्वनिवर्धकाकडे जातो व मोठा होऊन ऐकूं येतो. अमेरिकेंत जॉर्ज बोशां व अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनीं १९३१-३२ च्या सुमारास अशी पहिली गिटार सिद्ध केली. तंबोऱ्याचा आवाज भोपळ्यांत घुमतो. या गिटारला पोकळ पोट बहुधा नसतेंच. तिचें लांकूड म्हणजे देह खरा, पण कंठ म्हणाल तर तो पिकप.

परंतु ह्या कंठाला स्वतःचा विवेक नाहीं. चुंबकीय बलांत जो फरक पडेल तो, मग तारेनें पाडलेला असो वा आणखी कोणी, वेटोळें सारख्याच निष्ठेनें पुढें धाडतें. आपल्याकडील घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तेव्हां पंख्याची मोटर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, कोणत्याहि उपकरणांतील ट्रान्सफॉर्मर, यांच्याभोंवतींचें चुंबकीय क्षेत्र त्याच लयीनें हालत असतें. वेटोळें तें ऐकतें व ‘घूं’ म्हणून सांगतें. गिटार हातांत धरून वाजविणारा जागच्या जागीं फिरला आणि गुणगुण कमीजास्त झाली, तर ती अशी हवेंतून आलेली आहे असें खुशाल समजावें.

ह्या व्याधीवर गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर नांवाच्या तंत्रज्ञानें १९५५ सालीं जो उपाय शोधला तो आमच्या जमाखर्चाच्या वहीसारखा सरळ आहे. त्यानें एकाऐवजीं दोन वेटोळीं शेजारींशेजारीं ठेवलीं व दुसऱ्याची जोडणी पहिल्याच्या उलट केली. बाहेरची गुणगुण दोहोंतहि सारखीच शिरते. पण जोडणी उलटी असल्यामुळें ती एकीकडे जमेस तर दुसरीकडे खर्ची पडते आणि बाकी शून्याच्या जवळ येते. मग तारेचा सूरहि तसाच नाहींसा व्हावयाचा! म्हणून लव्हरनें दुसऱ्या वेटोळ्याखालील चुंबकाचें ध्रुवहि उलटें केलें. तारेचा सूर चुंबकावर अवलंबून असल्यानें तो दोनदां उलटून पुन्हां सुलट होतो व दोन्हीकडे जमेसच पडतो. हाच ‘हंबकर’, म्हणजे गुणगुणीला विरोध करणारा पिकप. गिब्सनच्या गिटारींवर तो १९५७ पासून झळकूं लागला. पेटंट मात्र १९५९ च्या जुलैंत मिळालें. त्या काळांत पिकपांच्या पाठीवर ‘पेटंटासाठीं अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठी डकवीत; त्या चिठीचे पिकप आज जवाहिरासारखे विकले जातात.

हंबकरानें आवाजहि पालटतो. दोन वेटोळीं तारेला दोन जागीं ऐकतात, त्यामुळें फार वरचे स्वरांश कांहींसे पुसले जातात आणि नाद भरदार व गोल होतो. एका वेटोळ्याचा नाद पातळ पण लखलखीत असतो. तंबोऱ्याची जवारी उघडी ठेवावी कीं बंद, याविषयीं जसा गवयागणिक मतभेद, तसाच हाहि. म्हणून मुलाला कोणता आवाज हवा हें प्रथम त्यालाच विचारावें.

देह तोच ठेवून कंठ बदलण्याची ही कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. पेटीचे सूर उतरले कीं ती कोणी टाकून देत नाहीं. पालिताण्याचे नवे सूर बसवून घेतात. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला, आणि त्यांनीं व क्लेमेंट्स या सिव्हिलियन गृहस्थांनीं श्रुतींचा मेळ बसेल अशी पेटी विलायतेंत करविली. तेव्हां त्यांचाहि सारा भर वाद्याच्या अंतरंगावरच होता. गिटारच्या बाबतींत १९७२ च्या सुमारास लॅरी डिमार्झिओ यांनीं केवळ बदलून बसविण्यासाठीं म्हणून हंबकर विकावयास काढला व एक नवा धंदाच उभा राहिला. एडी व्हॅन हेलन यानें स्वस्तांत घेतलेल्या लांकडी सांगाड्यांत एका जुन्या गिब्सनमधला हंबकर बसविला आणि १९७८ च्या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेनें सारे वादक चकित केले. स्वस्त देहाला चांगला कंठ लाभला म्हणजे काय होतें, याचा याहून बोलका दाखला नको. मात्र दांडी वाकलेली वा पडदे झिजलेले असतील, तर आधीं तिकडे पाहावें. बेसूर वाद्याला उत्तम पिकप अधिकच स्पष्ट बेसूर करतो.

निवड करतांना चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, चुंबकाची जात: अ‍ॅलनिको, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रणाचा चुंबक सामान्यतः मृदु समजला जातो, तर सिरॅमिक चुंबकाचे पिकप बहुधा जोरकस व धारदार असतात. दुसरी, वेटोळ्याचा विद्युत्-रोध: साधारण साडेसात ते नऊ किलोओहम हें जुन्या घडणीच्या हंबकराचें मान होय. आंकडा जितका मोठा तितका पिकप चांगला असें नव्हे. वेढे वाढले कीं जोर वाढतो, पण नादाची झळाळी घटते. तिसरी, आकार: गिटारमध्यें एका वेटोळ्यापुरतीच खांच असेल तर लांकूड कोरीत बसूं नये, त्याच मापांत बसणारे अरुंद हंबकर मिळतात. चौथी, आवाज कमीजास्त करण्याची कळ: एकेरी पिकपाला बहुधा २५० किलोओहमची व हंबकराला ५०० किलोओहमची घालतात. जुनीच कळ ठेवली तर नवा पिकप दबका वाटतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या पिकपाला येतो.

बसविण्याचें काम रेडिओ-दुरुस्तीचा हात असलेला कोणीहि कारागीर तासा-दोन तासांत करूं शकेल. जुनी जोडणी सोडण्यापूर्वीं तिचें चित्र काढून ठेवावें. घोडीला जोडलेली बारीक वायर तुटूं देऊं नये. सोल्डरचे सांधे चकचकीत व पक्के असावे. दोन पिकप एकत्र वाजवितांना आवाज पोकळ आला, तर एकाची जोडणी उलट झाली आहे असें समजावें. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरली असतां पिकप व तार यांमध्यें दोन-तीन मिलिमीटर अंतर असावें. फार जवळ आणल्यास चुंबक तारेलाच ओढूं लागतो व सूर डळमळतो. आमच्या किनाऱ्यावर खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस हे आणखी दोन शत्रु. तारा गंजतात, कळांत खरखर शिरते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या व पावसाळ्यांत वाद्य पेटींत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह, बंद ठेवावें.

आतां मुख्य गोष्ट. हवेंतून आलेली गुणगुण हंबकर मारतो. जमिनींतून आलेला दोष तो मारूं शकत नाहीं. गिटारची दोरी काढून घेतली तरी ध्वनिवर्धक घुमतच असेल, तर दोष गिटारचा नव्हेच. गिटारच्या तारा घोडीखालच्या त्या बारीक वायरनें ध्वनिवर्धकाच्या सांगाड्याला, आणि सांगाडा प्लगच्या तिसऱ्या पिनेनें भुईला जोडलेला असतो. हें अर्थिंग शाबूत असेल तर आंतील बिघाडाची वीज त्या वाटेनें निघून जाते व फ्यूज उडतो. तें नसेल तर तीच वीज तारांत, म्हणजे मुलाच्या बोटांत, येऊन उभी राहते. गुणगुण कमी होते म्हणून तिसरी पिन काढून टाकण्याची किंवा दोन पिनांचा प्लग वापरण्याची जी युक्ति कित्येक सांगतात, ती युक्ति नसून आत्मघात आहे. ‘स्टोन द क्रोज’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी हा ३ मे १९७२ रोजीं स्वान्सी येथें रंगमंचावरच, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून, मरण पावला. तारांना हात लावतांच झिणझिण्या आल्या, तर तत्क्षणीं भिंतीवरचें बटण बंद करावें आणि तपासणी होईपर्यंत वाद्य जोडूं नये.

रत्नागिरीकरांनीं याविषयीं विशेष जागरूक असावें, कारण आमची भुई जांभ्याची. सड्यावरच्या कातळांत पावसाळ्यांत पाणी झिरपतें, पण वैशाखांत ओलीचा मागमूस राहत नाहीं, आणि कोरड्या जांभ्यांतून वीज सहजीं मुरत नाहीं. आषाढांत उत्तम ठरलेलें अर्थिंग त्यामुळें उन्हाळ्यांत निकामी असूं शकतें. म्हणून परीक्षा उन्हाळ्यांतच, परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून, यंत्रानें मोजून करवावी. खड्डा शक्य तितका खोल, कोळसा व मीठ घालून भरलेला, वर पाणी ओतण्याची सोय असलेला असावा. शिवाय तीस मिलिअँपिअरची गळती होतांच वीज तोडणारा आर.सी.सी.बी. घराच्या मुख्य फळ्यावर बसवावा. तो गिटारप्रमाणेंच न्हाणीघरांतील बंबाचा व स्वयंपाकघरांतील मिक्सरचाहि राखणदार आहे.

तेव्हां खर्चाचा क्रम आमच्या मतें असा असावा: प्रथम अर्थिंग व आर.सी.सी.बी., मग हंबकर, आणि त्यानंतरहि मन भरलें नाहीं तरच नवी गिटार. पहिल्या दोहोंनंतर तिसरीची निकड बहुतेक घरांत उरणार नाहीं. हंबकर बसविणें हा मुलाचा हौसेचा भाग. त्याच्या पायाखालची भुई पाहणें हें वडिलांचें काम. आणि वैशाखांत परसांतल्या पोफळींना पाणी घालतांना अर्थिंगच्या खड्ड्यांत दोन कळशा ओतावयास घरांतील कोणीहि विसरूं नये.