‘इनफ्लो’ : आवक कशाची, कोठे आणि किती वेळात?

पावसाळा लागला की धरणांच्या दैनंदिन पत्रकांतून ‘इनफ्लो’ हा इंग्रजी शब्द गावोगाव येऊन पोहोचतो. एके काळी तो अभियंत्यांच्या वह्यांपुरता होता. आता शेतकऱ्याच्या हातातील मोबाइलवरही तो वाचावयास मिळतो. त्याचा अर्थ आवक, हे बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु आपला आवक हा शब्द ऐसपैस आहे आणि इंग्रजी शब्द तितका नाही. सूचना वाचून ती गावास समजावून सांगण्याचे काम ज्यांच्याकडे आहे, त्यांनी हा भेद नीट ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

लासलगावच्या बाजारात कांद्याची आवक होते, ग्रामपंचायतीच्या आवक-जावक नोंदवहीत टपालाची आवक होते आणि धरणात पाण्याची आवक होते. मराठीस तिन्ही ठिकाणी एकच शब्द पुरतो. इंग्रजीत बाजारातील मालास ‘अरायव्हल’ म्हणतात. टपालास ‘इनवर्ड’ म्हणण्याचा प्रघात आपल्या कचेऱ्यांनी पाडला आहे. ‘इनफ्लो’ मुख्यतः वाहत येणाऱ्या वस्तूसाठी योजतात. प्रथम पाणी, आणि पाण्याच्याच धर्तीवर पैसा. कर्जाच्या अर्जासोबतच्या तक्त्यात ‘कॅश इनफ्लो’ हे सदर असते, तेथे दूध विकून हाती येणारी सर्व रक्कम लिहावयाची असते. ती नफा नव्हे. पेंड, चारा आणि औषधपाणी यांचा खर्च तीतूनच जावयाचा असतो. माणसांचा वा मालाचा एकाएकी लोंढा आला तर इंग्रजीत बहुधा ‘इनफ्लक्स’ म्हणतात.

‘इनफ्लो’ हे नाम असून ते एक शब्द म्हणून जोडून लिहितात. क्रिया सांगावयाची असल्यास ‘वॉटर फ्लोज इन्टु द डॅम’ असे म्हणावे, ‘वॉटर इनफ्लोज’ असे म्हणू नये. नामाच्या मागोमाग ‘ऑफ’ येतो तो कशाची हे सांगण्यास, आणि ‘इन्टु’ येतो तो कोठे हे सांगण्यास : ‘द इनफ्लो ऑफ वॉटर इन्टु द डॅम’. तिसरी गोष्ट वेळेची. एक क्युसेक म्हणजे एका सेकंदास एक घनफूट, अर्थात सुमारे २८.३ लिटर पाणी. म्हणून नुसती ‘वीस हजारांची आवक’ म्हणणे अपुरे आहे. या तीन गोष्टींपैकी एक जरी सुटली, तरी ऐकणारा भलताच अर्थ घेऊन बसतो.

भीमेचे खोरे पाहावे. खडकवासला धरणातून मुठा नदीत जे पाणी सोडले जाते ते त्या धरणाचा विसर्ग होय. तेच पाणी पुणे शहरातून मुळा-मुठेच्या रूपाने भीमेस मिळते, दौंडवरून पुढे जाते आणि उजनी धरणाची आवक होते. पुढे उजनीचा विसर्ग हा पंढरपूरच्या दृष्टीने आवक ठरतो. परंतु तेवढाच नव्हे. उजनीच्या खाली नीरा नरसिंहपूर येथे नीरा नदी भीमेस मिळते आणि वीर धरणातून सोडलेले पाणीही ती सोबत आणते. म्हणून पंढरपूरच्या वाळवंटात दुकाने थाटणाऱ्यांनी अथवा नदीकाठी मोटारी बसविणाऱ्या शेतकऱ्यांनी केवळ उजनीचा आकडा ऐकून स्वस्थ बसू नये. उजनीची आवक ओसरली तरी, धरण भरलेले असल्यास, विसर्ग चालू राहू शकतो. काठावरच्या माणसास धरणात काय आले यापेक्षा धरणातून काय सुटले, हे आधी कळले पाहिजे.

कालव्यावरील शेतकऱ्याचा प्रश्न निराळा. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यांपैकी ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे. उन्हाळ्यात पाणी त्या पातळीखाली गेले म्हणजे पत्रकात साठा उणे दाखविला जातो. अशा वर्षी जूनमध्ये आवक सुरू झाल्याची वार्ता आनंदाची खरी, पण ते पाणी प्रथम उणे साठ्याची तूट भरून काढण्यात जाते. त्या वार्तेवर विसंबून उसाच्या लागणीचा बेत करणे धोक्याचे होय.

आवकेचा आकडा येतो कसा, हेही कार्यकर्त्यांस सांगता यावे. धरणाला मिळणारा प्रत्येक ओढा कोणी मोजत बसत नाही. पाण्याची पातळी ठराविक वेळात किती चढली यावरून साठ्यातील वाढ काढतात आणि तेवढ्या वेळात बाहेर गेलेले पाणी तीत मिळवितात. चोवीस तासांत एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट, साठा वाढण्यास सरासरी ११,५७४ क्युसेक पाणी धरणात राहावे लागते. त्याच काळात २,००० क्युसेक विसर्ग चालू असेल, तर आवक सुमारे १३,५७४ क्युसेक झाली. बाष्पीभवनाचा भाग वेगळा. पातळी तिळभर न हलताही आवक मोठी असू शकते, ती याचमुळे.

हाच हिशेब शेतकऱ्यास आपल्या विहिरीवर करता येतो, आणि आमच्या मते धरणाच्या आकड्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक आहे. पाच मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे १९,६०० लिटर. पंप चालवून पाणी खाली न्यावे, पंप बंद करून दोरीला खूण करावी आणि घड्याळ पाहावे. चार तासांत पाणी एक मीटर चढले, तर झऱ्यांची आवक ताशी सुमारे ४,९०० लिटर झाली. पंप ताशी वीस हजार लिटर उपसत असेल तर विहीर वारंवार कोरडी का पडते, याचे उत्तर तेथेच मिळते. मोठा पंप बसवून ते बदलत नाही. ऑक्टोबरात केलेली ही मोजणी मार्चमध्ये पुन्हा करावी आणि उन्हाळी पिकाचे क्षेत्र त्या दुसऱ्या आकड्यावरून ठरवावे.